पिकअपच्या टर्बोतून ऑइल येतंय : टर्बो उतरवण्याआधी काय काय बघायचं

आमचं गॅरेज जुन्नर तालुक्यात, पुणे-नाशिक रस्त्यापासून फार लांब नाही. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज उतरणाऱ्या डिझेल पिकअप वर्षभर येतात आणि दर हंगामात तीच तक्रार घेऊन येतात : "टर्बो ऑइल फेकतोय, बदलून टाका." त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा टर्बो मी बदलला नाही, कारण दोष टर्बोत नव्हताच. टर्बो म्हणजे इंजिनमधून निघणाऱ्या धुराच्या जोराने एक चाक फिरवून त्याच शाफ्टवरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात हवा दाबणारा पंप. ही महाग वस्तू. एका ट्रिपच्या भाड्यात तिचा खर्च निघत नाही. म्हणून ज्या क्रमाने मी स्वतः बघतो, त्याच क्रमाने लिहितोय. आधी फुकटातल्या तपासण्या, मग पान्याच्या आणि शेवटी टर्बोला हात.

लक्षणं

सगळ्यात आधी कळतं ते ऑइलच्या पट्टीवर. गाडीखाली एक थेंब नाही, तरी पातळी उतरते आणि दर हजार किलोमीटरला अर्धा-एक लिटर भर घालावी लागते.

दुसरं लक्षण निळसर धूर. तो सतत येईलच असं नाही. गाडी बाजारात अर्धा तास चालू ठेवली आणि मग ॲक्सिलरेटर दिला की एक निळा लोट येतो. किंवा घाट उतरताना पाय वर असतो आणि खाली आल्यावर पहिल्यांदा दाबला की येतो. धुराचा रंग नीट बघा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. त्यासाठी टर्बोनंतरचा होज, म्हणजे हवेचा रबरी पाइप, फाटलाय का ते आधी बघा. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा पाणी. या दोन्हींचा ऑइल गळण्याशी थेट संबंध नाही. बीएस-६ गाड्यांत, म्हणजे धुराच्या कडक नियमांच्या, १ एप्रिल २०२० नंतरच्या, सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यामुळे ऑइल जळत असलं तरी मागे धूर फारसा दिसत नाही. तिथे धुराची वाट बघू नका, पट्टीवर विश्वास ठेवा. जळलेल्या ऑइलची राख त्या फिल्टरमध्ये साठते आणि ती जळून जात नाही, म्हणून बीएस-६ला उशीर जास्त महागात पडतो.

बाकीची लक्षणं : इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोतून आलेली तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या, खालच्या होजच्या क्लिपपाशी ओल आणि त्यावर चिकटलेली धूळ, केबिनमध्ये करपलेल्या ऑइलचा वास, चढाला गाडी ओढत नाही, टर्बोच्या शिट्टीचा आवाज बदललाय. शिट्टीच्या जागी धातू घासल्यासारखा किंवा सायरनसारखा आवाज आला, तर पुढचं काही करू नका. गाडी बंद करा आणि थेट "कुठे थांबायचं" हा भाग वाचा.

टर्बोचा सील कसा असतो हे आधी कळलं पाहिजे

टर्बोच्या शाफ्टला चाकाच्या बेअरिंगसारखा रबरी सील असतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. तो शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो आणि त्याच्या एका टोकाला ७०० अंशांच्या आसपास तापलेला धूर असतो. तिथे रबर टिकणारच नाही. दोन्ही टोकांना पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात. त्या ऑइल पूर्ण अडवत नाहीत. चाकांच्या बाजूला हवेचा आणि धुराचा दाब जास्त आणि मधल्या खोलीत कमी, या फरकावर ऑइल आत राहतं.

मधल्या खोलीत ऑइल वरून बारीक पाइपने दाबाखाली येतं आणि खालच्या जाड पाइपने नुसतं स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं. परत नेणारा पंप नाही. मोरी तुंबली की पाणी उंबऱ्यावरून घरात येतं. त्यात उंबऱ्याचा काही दोष नसतो. तसंच खालची वाट अडली, किंवा चेंबरमध्येच दाब वाढला, की ऑइल टर्बोत साचतं आणि रिंगांवरून बाहेर पडतं. अशा वेळी नवा टर्बो बसवला तर तोही पहिल्या दिवसापासून तेच करणार. पुढची प्रत्येक तपासणी या एका गोष्टीसाठी आहे : ऑइल टर्बोतून बाहेर पडतंय हे खरं, पण त्याला ढकलतंय कोण?

१. पट्टी आणि एअर फिल्टर

गाडी सपाट जागेवर लावा, बंद करून दहा मिनिटं थांबा आणि पट्टी बघा. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर आधी जादा ऑइल काढा. चेंबरमध्ये ऑइल जास्त झालं की क्रँक त्याला घुसळतो, फेस होतो आणि टर्बोतून येणाऱ्या ऑइलला उतरायला जागा राहत नाही. "थोडं जास्तच टाक, घाटात बरं" असं सांगणारे खूप भेटतात. बरं होत नाही.

न टाकता पातळी वाढली असेल तर पट्टीचा वास घ्या. बीएस-६ गाड्या काजळीचा फिल्टर जाळून साफ करायला जादा डिझेल सोडतात, आणि जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ती साफसफाई अर्धवट राहून डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिझेलचा वास आला किंवा ऑइल पाण्यासारखं पातळ लागलं, तर ते ऑइल बदलल्याशिवाय गाडी पळवू नका. टर्बोचं बेअरिंग ऑइलच्या थरावरच तरंगत असतं.

मग एअर फिल्टर. तो चोंदला की टर्बोचं हवेचं चाक पुढून हवा ओढायला जातं, ती मिळत नाही आणि चाकासमोर पोकळी तयार होते. ती पोकळी रिंगेपलीकडचं ऑइल खेचून घेते. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीच्या वाटांवर फिरणाऱ्या गाडीला पुस्तकातलं अंतर पुरत नाही, फिल्टर त्याआधीच भरतो. फिल्टर काढून उन्हाकडे धरा; कागदातून उजेड येत नसेल तर बदला. आपटून झटकू नका, कागद फाटला तर धूळ सरळ चाकावर जाते. डब्यात हात घालून उंदराचं घरटं, चिंधी, प्लास्टिक नाही ना ते बघा. फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी पाइपही दाबून बघा. जुना मऊ पडलेला पाइप उभ्या गाडीत चांगला दिसतो आणि रेस दिली की आत चेपतो. एकाने रेस द्यावी, दुसऱ्याने लांबून बघावं. हात जवळ नेऊ नका.

२. धुऊन बघा, कारण ऑइल खाली आणि मागे वाहतं

टर्बो ओला दिसतो म्हणून टर्बो गळतो असं नसतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, व्हॅक्यूम पंपाचा जोड, ऑइल फिल्टरची बैठक यातलं काहीही पाझरलं की ऑइल ओघळून खाली येतं, आणि पळत्या गाडीत वारा त्याला मागे नेतो.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. डिग्रीझर आणि फडक्याने टर्बो, त्याचे दोन्ही पाइप आणि वरचा सगळा भाग कोरडा करा. तापलेल्या टर्बोवर पाण्याचा फवारा मारू नका, बीडाला तडा जाऊ शकतो. कोरड्या भागावर टाल्कम पावडर शिंपडा आणि गाडी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा. पावडरवर ओल सगळ्यात वर जिथे दिसेल, तिथून शोध सुरू करा.

ओल वरच्या बारीक पाइपच्या बोल्टपाशी असेल तर काम सोपं आहे. त्या बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर असतात आणि ते एकदाच नीट दबतात. नवे घाला, चहाच्या पैशांत काम होतं. वाटेत अडलात आणि नवे मिळत नसतील, तर जुना वायसर लाल होईपर्यंत तापवून गार करा. तांबं पुन्हा मऊ होतं आणि गावापर्यंत चालतं. बोल्ट आतून पोकळ असतो, जोर लावून आवळला तर तुटतो.

३. होज उघडा आणि बोट फिरवा

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. हवेच्या पाइपमध्ये ऑइलचा पातळ थर असणं हा दोष नाही. इंजिनच्या पोटातली वाफ ब्रीदरच्या नळीने टर्बोच्या आधीच्या पाइपमध्येच सोडलेली असते आणि तिच्याबरोबर थोडं ऑइल येतंच. बोटाला चकाकी आली तर ठीक. बोट भिजून थेंब ओघळला किंवा होज वाकवल्यावर चमचाभर ऑइल पडलं, तर ठीक नाही.

आता दोन जागा ताडून बघा : टर्बोच्या आधीचा पाइप आणि टर्बोच्या नंतरचा. आधीच्या पाइपमध्ये ब्रीदर जिथे येऊन मिळतो, तिथूनच ओल सुरू होत असेल, तर ते ऑइल टर्बोचं नाही. तो ते फक्त पुढे ढकलतोय. आधीचा पाइप कोरडा आणि नंतरचा भिजलेला असेल तर ऑइल टर्बोतून येतंय. तरीही टर्बोच खराब आहे असं अजून ठरत नाही. पुढच्या दोन तपासण्या बाकी आहेत आणि माझ्या अनुभवात दोष बहुतेक त्यांच्यातच सापडतो.

४. ब्रीदर आणि बॅक कॉम्प्रेशन

ब्रीदर चोंदला की इंजिनच्या पोटातला दाब बाहेर पडत नाही आणि टर्बोतून उतरणाऱ्या ऑइललाच खालून वर ढकलतो. ब्रीदरची नळी काढा, तिच्यातून फुंकर मारून बघा, आत काळा साका साचलाय का ते बघा. ऑइल वेगळं करणारा डबा धुता येण्यासारखा असेल तर धुवा, नसेल तर बदला. डिझेलमध्ये भिजवलेली कोणतीही वस्तू पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका. ते डिझेल सरळ इंजिनच्या हवेत जातं.

मग इंजिन कोमट असताना स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, चालू ठेवा आणि ऑइल टाकायची टोपी सोडवून तोंडावर उलटी ठेवा. तोंड लांब ठेवा. काही इंजिनांत तिथून ऑइल उडतं. टोपी किंचित थरथरली तर चालेल. उडून पडली आणि तोंडातून भकाभका धूर आला, तर पिस्टन रिंगांवरून दाब खाली येतोय. आमच्याकडे याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. ब्रीदर साफ केल्यावरही असंच होत असेल, तर टर्बोवर एक रुपया खर्च करू नका. आधी इंजिनचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. ते मशीन असलेल्या माणसाचं काम आहे.

५. खालचा रिटर्न पाइप

ही तपासणी बहुतेक गॅरेजमध्ये होत नाही, कारण हात पोचत नाही. एक गाडी सांगतो.

ओतूरकडचा एक ड्रायव्हर, स्वतःची गाडी, कर्जाचे हप्ते चालू. वर्षभरात एका गॅरेजात दोन टर्बो बदलून झाले होते आणि तिसऱ्या वेळी तो माझ्याकडे आला. दुसरा टर्बो फक्त चार हजार किलोमीटर चालला होता. मी तो उतरवून चाक हलवून बघितलं. शाफ्टला ढिलाई नाही, पाती शाबूत, नव्यासारखा. मग खालचा रिटर्न पाइप काढला. टर्बोकडच्या तोंडाशी पॅकिंगच्या जागी काळं सिलिकॉन भरलं होतं. पाइपमध्ये बॅटरी मारली तर तेच सिलिकॉन आतल्या बाजूला जिभेसारखं लोंबत होतं, करंगळीच्या पेराएवढं, वरून करपून कडक झालेलं. बोटाने ढकललं की दारासारखं हलायचं. अर्ध्याहून जास्त तोंड त्याने झाकलं होतं. पहिल्या टर्बोच्या वेळी कुणीतरी ते लावलं असणार आणि दुसऱ्या वेळी जुनाच पाइप तसाच जोडला. मी ती जीभ कापून त्याच्या हातात दिली. तो बराच वेळ तिच्याकडे बघत उभा होता. पाइप साफ केला, नवं पॅकिंग घातलं, तोच टर्बो परत बसवला. गाडी अजून त्याच टर्बोवर चालतेय.

म्हणून टर्बोच्या ऑइलच्या कोणत्याही जोडाला सिलिकॉन लावू नका. कंपनीचं पॅकिंग मिळतं, तेच वापरा. वरच्या बारीक पाइपमध्ये सिलिकॉनचा एखादा तुकडा गेला तर गळती राहते बाजूला, बेअरिंग कोरडं पडून टर्बोच जातो.

रिटर्न पाइपमध्ये बघायचं ते एवढं : आत कोळसा जमलाय का, रबरी तुकडा आतून फुगलाय किंवा पिळलाय का आणि पाइप टर्बोपासून चेंबरपर्यंत सतत उताराचा आहे का. मध्ये कुठे पोट पडलं असेल तर तिथे ऑइल साचतं. पाइप काढून त्यात कोमट ऑइल ओता. धार न अडखळता खाली पडली पाहिजे. कोळसा जमलेला असेल तर पुढच्या वेळी घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करू नका. मिनिट-दोन मिनिटं स्लोवर ठेवा. तापलेल्या टर्बोत थांबलेलं ऑइल जागीच करपतं. पण अर्धा-अर्धा तास गाडी चालू ठेवायची सवयही वाईट. स्लोवर टर्बो हवा दाबत नाही, चाकाकडचा दाब पडतो आणि ऑइल पाझरतं. बाजारात वजनाच्या रांगेत उभे असाल तर इंजिन बंद ठेवा.

६. आता टर्बोला हात

इंजिन गार, चावी काढलेली, बॅटरीची तार सुटलेली. हवेच्या बाजूचा होज काढा. चाक बोटाने फिरवा, ते अडखळता कामा नये. शाफ्टचं टोक वर-खाली हलवा. थोडी ढिलाई असतेच, कारण बेअरिंग ऑइलवर तरंगणारं आहे आणि बंद गाडीत तिथे ऑइलचा दाब नसतो. ही ढिलाई बघून "बेअरिंग गेलं" असं सांगितलं जातं, ते चुकीचं आहे. एका बाजूला दाबून फिरवल्यावर पाती घराला घासली, तरच दोष. मग शाफ्ट पुढे-मागे ओढा. ही हालचाल बोटाला जवळजवळ कळताच कामा नये. खटकन आवाज आला तर टर्बो गेला. पातींच्या कडा चेपलेल्या, तुटलेल्या किंवा घरावर गोल चकचकीत ओरखडा असेल, तरीही टर्बो गेला.

धुराच्या बाजूला टर्बोनंतरचा पाइप सोडवून बघा. आत कोरडी काजळी असेल तर ठीक. ओलं ऑइल असेल तर लगेच निकाल देऊ नका, टर्बोच्या आधीचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनमधला धूर टर्बोकडे आणणारा भाग, तोही बघा. मॅनिफोल्ड ओला असेल तर इंजिनच ऑइल खातंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील बघावे लागतील. मॅनिफोल्ड कोरडा आणि टर्बोनंतर ओलं असेल, तरच टर्बो.

कुठे थांबायचं

धातू घासल्याचा आवाज, पाती घासल्याची खूण, शाफ्टची पुढे-मागे हालचाल, ऑइल प्रेशरचा दिवा, टोपी उडवणारं बॅक कॉम्प्रेशन, तापलेल्या मॅनिफोल्डवर ठिबकणारं ऑइल. यातलं एकही दिसलं तर गाडी चालवत आणू नका, ओढून आणा. तापलेल्या मॅनिफोल्डवरच्या ऑइलने गाड्या पेटतात. गाडी वॉरंटीत असेल तर होजची क्लिपसुद्धा न उघडता सर्व्हिस सेंटरला न्या. टर्बो उघडून रिंगा बदलायचं काम घरी करू नका. शाफ्ट आणि चाकं एकत्र बॅलन्स करावी लागतात, त्यासाठी मशीन लागतं. कोर, म्हणजे शाफ्ट आणि चाकांसकट टर्बोचा मधला भाग, बदलायचा तर तो बॅलन्स केलेलाच घ्या.

इंटरकूलरमध्ये ऑइल साचलेलं असताना गाडी दामटली, तर ते ऑइल एकदम इंजिनात जातं आणि इंजिन त्याच ऑइलवर पळायला लागतं. चावी काढली तरी बंद होत नाही, रेस आपोआप चढत जाते, मागे धुराचा डोंगर. असं झालं तर घाबरून बॉनेट उघडू नका आणि हवेच्या पाइपवर हात ठेवू नका. ब्रेक घट्ट दाबा, गाडी सगळ्यात वरच्या गिअरमध्ये टाका आणि क्लच सोडा. इंजिन ओझ्याने बंद पडतं. नाही पडलं तर सगळ्यांना घेऊन गाडीपासून लांब जा.

टर्बो खरंच बदलायचा असेल

इंटरकूलर आणि सगळे होज काढून आतलं ऑइल पूर्ण निथळू द्या. जुन्या टर्बोच्या पात्याचा तुकडा इंटरकूलरमध्ये अडकलेला असू शकतो, तो सापडेपर्यंत पुढचं काम करू नका. वरचा बारीक पाइप शक्यतो नवाच घाला. ऑइल आणि फिल्टर बदला. ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच. बीएस-६ला कमी राखेचं ऑइल लागतं, जुन्या गाडीचं उरलेलं त्यात टाकू नका. नवा टर्बो बसवण्याआधी त्याच्या वरच्या भोकातून ताजं ऑइल भरा आणि हाताने चाक फिरवा. मग डिझेलचा पुरवठा तोडून स्टार्टर थांबून थांबून मारा, म्हणजे गाडी सुरू होण्याआधी ऑइल वर पोचेल. सुरू झाल्यावर काही मिनिटं स्लोवरच. पहिल्या काही सेकंदांत कोरड्या फिरलेल्या शाफ्टमुळे नवे टर्बो जातात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

५०० किलोमीटर झाल्यावर टर्बोनंतरचा होज पुन्हा उघडा, फडक्याने पुसलेल्या जागेवर बोट फिरवा आणि पट्टीची पातळी डायरीत लिहून ठेवा. बोट भिजून आलं तर चौथ्या आणि पाचव्या तपासणीपासून पुन्हा सुरू करा.